स्त्रीच्या लैंगिक सुखावरचा अभ्यासवर्ग कसा घ्यावा

गोव्यात फोंडा, डिचोली किंवा पेडणे तालुक्यातल्या एखाद्या महिला मंडळात स्त्रीच्या लैंगिक सुखाबद्दल स्त्रीवादाचे विचार कसे बदलत गेले यावर अभ्यासवर्ग घ्यायचा असेल, तर वक्ता शोधण्याआधी विषयाचा क्रम ठरवावा. आपल्याकडे या विषयावर बोलायला बसले की बोलणे थोड्याच वेळात अत्याचार, पाळीचे आजार आणि कुटुंबनियोजन यांवर जाते. ते विषय महत्त्वाचे आहेतच, परंतु त्यांनी सुरुवात झाली की सुखाचा विषय निघतच नाही. म्हणून पहिली बैठक शरीररचनेची आणि दुसरी इतिहासाची ठेवावी, आणि धोक्याची चर्चा त्यानंतर करावी.

गट दहा-बारा जणींचा असावा आणि वेळ दुपारी तीननंतरची धरावी. वाड्यावर सगळ्याच एकमेकींच्या नात्यातल्या असतात, त्यामुळे ‘इथले बोलणे इथेच राहील’ असे आश्वासन देऊ नये. ते पाळले जाईलच असे नाही. त्यापेक्षा स्वतःचा अनुभव कोणीही सांगायचा नाही, वाचलेल्या मजकुराबद्दलच बोलायचे, असा नियम करावा. सासू आणि सून शक्यतो एका गटात घेऊ नयेत. प्रश्न चिठ्ठ्यांवर, नाव न लिहिता मागवावेत, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्या एकाच व्यक्तीने वाचून दाखवाव्यात. मजकूर मराठीत असला तरी बोलणे कोकणीत होईल. ते होऊ द्यावे. गावच्या बायकांना हा विषय झेपणार नाही, असे मात्र कोणी गृहीत धरू नये. पौषात मांडावर धालो, म्हणजे बायकांची नाच-गाणी, रंगात आले की एकमेकींची थट्टा किती मोकळी होते, हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक असते.

पहिल्या बैठकीत फळ्यावर शिश्निकेची, म्हणजे क्लिटोरिसची, आकृती काढावी आणि ती घाई न करता काढावी. आधी बाहेर दिसणारे लहानसे टोक काढावे, मग आत जाणारा भाग, आणि शेवटी योनिमार्गाच्या दोन्ही बाजूंनी पसरलेले दोन पाय व दोन फुगीर भाग. अवयवाचा बहुतांश भाग आत असतो हे त्या आकृतीतून आपोआप समजते. ऑस्ट्रेलियातील शल्यचिकित्सक हेलेन ओकॉनेल यांनी या रचनेचे सविस्तर वर्णन १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे वर्गातल्या अनेकींची लग्ने त्याआधीच झालेली असतील. एवढे सांगून थोडा वेळ गप्प बसावे. प्रश्न येतात.

इतिहासाची बैठक अमेरिकेपासून सुरू करू नये, ती र. धों. कर्वे यांच्यापासून करावी. त्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि संततिनियमनाबरोबरच स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे हे मराठीत लिहिले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरी त्यांना दंड झालाच. हा सगळा विचार परदेशातून आला, असे म्हणणाऱ्याला एवढे उत्तर पुरे.

त्यानंतर पाश्चात्त्य वाद घ्यावा, पण तो वाद म्हणूनच मांडावा. प्रौढ स्त्रीचे सुख शिश्निकेकडून योनीकडे सरकले पाहिजे, असे मनोविश्लेषक फ्रॉइडचे मत होते. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांच्या १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी त्याला धक्का दिला, आणि त्या आधारावर स्त्रीवादी लेखिका अ‍ॅन कोट यांनी १९७० च्या सुमारास हा समज पुरुषांच्या सोयीचा असल्याचे लिहिले. पुढे स्त्रीवादीच एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या. अश्लील साहित्यावर कायद्याने बंधन हवे असे काहींचे म्हणणे होते, तर अशा बंधनाने स्त्रीच्याच इच्छेचा गळा आवळला जाईल असे इतरांचे. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील परिषदेबाहेर या मतभेदातून निदर्शने झाली. ही बैठक सर्वांत लांब चालू द्यावी. वर्गाचे दोन भाग करून प्रत्येकीला न पटणारी बाजू मांडायला लावले तर वाद नीट समजतो.

भारतातील स्त्रीचळवळ हिंसेच्या प्रश्नाभोवती का उभी राहिली, हे इथे सांगावे लागते. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणातील पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निर्दोष सोडले आणि १९८० मध्ये देशभर आंदोलन पेटले. अशा वेळी सुखाची भाषा चैनीची वाटणे स्वाभाविक होते. गोव्यात त्याला आणखी एक कारण होते. पर्यटनाच्या जाहिरातींनी इथली स्त्री ‘मोकळी’ म्हणून विकली, त्यामुळे लैंगिक मोकळेपणाचे समर्थन करताना आपण त्याच जाहिरातीला दुजोरा देतो की काय, ही भीती होती. माझ्या मते ती रास्त होती, पण तिच्यामुळे आपण फार काळ गप्प राहिलो.

देवळांशी बांधलेल्या कलावंत स्त्रियांचा उल्लेख निघणारच. त्यांना स्वच्छंद नायिका करू नये आणि निव्वळ बळीही ठरवू नये. त्या समाजाने संघटित होऊन शिक्षणाच्या बळावर स्वतःचे स्थान बदलले, आणि त्या घरांतल्या लेकी-सुना वर्गात बसलेल्या असू शकतात, हे बोलणाऱ्याने विसरू नये.

शेवटच्या बैठकीत संमती आणि कायदा घ्यावा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध आणि व्यभिचार, दोन्ही गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. पत्नीवरील बलात्काराला मात्र, ती सज्ञान असल्यास, भारतीय न्याय संहितेतही अपवाद कायम आहे, म्हणजे पतीचे ते कृत्य बलात्काराचा गुन्हा ठरत नाही. याच बैठकीत, सुख मिळालेच पाहिजे हा नवा दंडक होऊ नये, इच्छा नसणेही ग्राह्य आहे, हे स्पष्ट सांगावे. संबंधाच्या वेळी दुखते, अशी चिठ्ठी आली तर वर्गात सल्ला न देता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायला सांगावे; मारहाणीची किंवा जबरदस्तीची आली तर चिठ्ठी वाचून न दाखवता १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक सगळ्यांसाठी फळ्यावर लिहावा, म्हणजे कोणा एकीकडे नजर वळत नाही.