कंबर दुखरी आणि काम पार्सल चढवण्याचं: होकार देण्याआधी या चुका टाळा

दिवाळीचा सेल जवळ आला की भिवंडीच्या गोडाऊनांत भरती निघते. ठेकेदाराचा माणूस विचारतो, "वजन उचलाल ना?" आपण विचारतो, "किती किलो?" तो म्हणतो, "जास्त नाही हो, पाच-दहा." आणि कमरेत दोनदा उसण भरून गेलेला माणूस हो म्हणून बसतो. मीही असाच बसलो होतो.

किलो विचारून समाधान मानणं

सगळ्यात मोठी चूक हीच. सहा किलोचं पार्सल, तासाला तीनशे, जेवणखाण सोडून सात तास. गुणाकार केला तर साडेबारा टन होतात. शिवाय माल अंगापासून किती लांब आहे यावर सगळं अवलंबून असतं. अमेरिकेतल्या 'नायॉश' या सरकारी संस्थेचं वजन उचलण्याचं एक सूत्र आहे. सगळं सोयीचं असेल, तरी त्यात मर्यादा 23 किलोची. तोच माल घोट्यांपासून 25 ऐवजी 50 सेंटीमीटर पुढे असला की ती निम्म्यावर, साडेअकरावर येते. वळून ठेवायचं असेल, भराभर उचलायचं असेल, तर आणखी खाली. आणि हे गणित धडधाकट कामगाराचं आहे, तुमच्या-माझ्या कमरेचं नाही.

गाडी खाली करताना वरचा थर डोक्यावरून ओढायचा, खालचा फळीवरून वाकून काढायचा; मधला तेवढा सुखाचा. बाजूला पार्सलं पुढं नेणारा सरकता बेल्ट, मागे दुसरा माणूस, पाय हलवायला जागा नाही. मग पाय रोवलेले ठेवून माणूस कमरेतून वळतो. माझी कंबर धरली ती पडद्याच्या रॉडच्या पुड्यानं. जेमतेम तीन किलोचा, पण लांबलचक, आणि तळाशी आडवा पडलेला. मी वाकलो, हात पूर्ण लांब केला, तसाच वळलो. पुडा बेल्टवर पोचला, मी मात्र तिथंच वाकलेला राहिलो.

म्हणून विचारायचं ते असं: बेल्ट गाडीच्या आत येतो का? माल जमिनीवरून उचलायचा की टेबलावरून? एका गाडीवर माणसं किती? पॅलेट ट्रक, म्हणजे माल ओढायची हातगाडी, वापरात आहे की नुसती कोपऱ्यात उभी आहे? दोन तासांनी काम बदलून देतात का? ही उत्तरं ठेकेदाराकडून मिळत नाहीत. शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहा आणि तिथल्याच एखाद्याला चहा पाजून विचारा.

'मणक्यात गॅप' ऐकून हातपाय गाळणं

आपल्याकडे प्रत्येक दुखऱ्या पाठीला गॅप असतो. गंमत अशी की बहुतेकदा मणक्यांमधली जागा वाढलेली नसते, मधली गादीसारखी चकती झिजून ती कमी झालेली असते. शिवाय एमआरआयमध्ये चकती फुगलेली दिसली म्हणजे सगळं संपलं असंही नाही; काहीच दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांतही सुमारे 30 टक्के जणांना ती फुगलेली आढळते. कागदापेक्षा अंग काय सांगतं ते बघा. गुडघ्याखाली कळ जाते का? पाऊल लुळं पडतं का? तर आधी डॉक्टर. आणि जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जा.

पट्टा आणि गोळीच्या भरवशावर शिफ्ट काढणं

कमरेचा पट्टा लावला की माणूस उगाच जास्त उचलतो. धडधाकट कामगाराची कंबर पट्ट्यानं वाचते याला पुरेसा पुरावा नाही, असं नायॉशनं 1994 मध्येच सांगून ठेवलंय. गोळी तर आणखी वाईट, दुखणं तेवढं झाकते. सकाळची शिफ्ट असेल तर एक लक्षात ठेवा: रात्रभरात चकत्या पाणी शोषून टम्म झालेल्या असतात. उठल्या उठल्या खाली वाकून उचलणं कमरेला जड जातं. आधी तासभर उभ्यानं, चालत होणारं काम मागून घ्या.

जुनं दुखणं लपवणं

सांगितलं तर घेणार नाहीत ही भीती खरी आहे, घेत नाहीतही कधीकधी. पण लपवलं तर पहिल्या उसणीला "आधीचंच होतं" हे ऐकावं लागतं आणि वाद घालायला हातात काहीच उरत नाही. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापतात का ते पहिल्याच पावतीवर बघा: तुमचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25. आजारपणाच्या रजेचे पैसे मिळायला 78 दिवसांची वर्गणी लागते. कामावर झालेल्या इजेला पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. त्यामुळे चमक भरली तर "बघू उद्या" म्हणून घरी जाऊ नका. त्याच दिवशी अपघाताच्या रजिस्टरमध्ये वेळ, गाडी नंबर आणि काय उचलत होतो हे लिहवून घ्या. मी दोन दिवसांनी गेलो होतो, आणि सुपरवायझरनं रजिस्टर उघडलंसुद्धा नाही.

लोडिंग नाही तर काहीच नाही, असं समजणं

गोडाऊनात स्कॅनिंग असतं, लेबल लावणं असतं, परत आलेला माल तपासायचं टेबल असतं. पैसे कमी मिळतात, ओव्हरटाइमही कमी. मी सध्या त्या टेबलावर आहे. आठ तास एका जागी उभं राहूनही कंबर भरून येतेच, म्हणून पायाशी एक मजबूत लाकडी खोकं उलटं घालून ठेवलंय. एक पाय त्यावर, आणि थोड्या वेळानं दुसरा.