'लाय' की 'ले': नेमके क्रियापद कसे निवडावे

आडवे होणे किंवा पडून असणे या अर्थाचे 'लाय' आणि एखादी वस्तू ठेवणे, अंथरणे या अर्थाचे 'ले' ही इंग्रजी क्रियापदे आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. वास्तविक मराठी माणसाला हा भेद परका वाटू नये. इंग्रजी ज्या जर्मानिक कुळातली आहे त्या कुळात मूळ क्रियापदापासून प्रयोजक क्रियापद घडवण्याची रीत होती, आणि 'ले' हे 'लाय'चे असेच प्रयोजक रूप आहे. 'सिट' आणि 'सेट' ही जोडीही त्याच घडणीची. आपल्या 'निजणे' आणि 'निजवणे' यांच्यातले नाते हेच आहे.

म्हणून निवड करताना वाक्य आधी मराठीत, भूतकाळात आणि तृतीय पुरुषात मांडून पाहावे. 'बाळ निजले' यात कर्त्याला 'ने' लागत नाही, तेथे 'लाय' घ्यावे. 'आईने बाळाला निजवले', 'कोंबडीने अंडे घातले' यांत 'ने' लागतो, तेथे 'ले' घ्यावे. 'मी' आणि 'तू' या कर्त्यांना हा प्रत्यय दिसत नाही, म्हणून तृतीय पुरुषाचा आग्रह. एका ठिकाणी मात्र मराठी चकवते: 'पुस्तक टेबलावर ठेवले आहे' असे आपण म्हणतो, पण पुस्तक तेथे आहे एवढेच सांगायचे असेल तर इंग्रजीत 'द बुक इज लायिंग ऑन द टेबल' असेच म्हणावे.

खरी अडचण भूतकाळाची आहे, आणि ती पाठांतरानेच सुटते. 'लाय'चा भूतकाळ 'ले' असाच होतो, त्याचे स्पेलिंगही दुसऱ्या क्रियापदासारखेच असते, आणि 'हॅव'नंतर 'लेन' येते. 'ले'ची दोन्ही रूपे 'लेड' अशी होतात. त्यामुळे 'ती काल दुपारी तासभर आडवी झाली' याचे इंग्रजी 'शी ले डाउन फॉर ॲन अवर यस्टरडे आफ्टरनून' असे होईल. येथे 'लेड' चुकीचे, आणि 'लाइड' तर त्याहून घातक, कारण ते खोटे बोलणे या अर्थाच्या निराळ्याच 'लाय'चे रूप आहे. रुग्णाला आडवे व्हायला सांगताना 'ले डाउन' हे इंग्रजी बोलणाऱ्या देशांतही पुष्कळांच्या तोंडी ऐकू येते. तरीही परीक्षेत, अर्जात किंवा कार्यालयीन पत्रात 'लाय डाउन' हेच लिहावे.