ज्वालामुखी बेटावर पुळण शोधताना या चुका टाळा

कोल्हापूरकरांचा समुद्र म्हणजे फोंडा घाट उतरून गाठलेली तारकर्ली, जिथे गाडी लावली की समोर वाळूच वाळू असते. हीच सवय घेऊन माणसे मॉरिशसला जातात आणि फसतात. ते बेट लाव्हारसाचे आहे. पन्हाळ्याचा कातळ ज्या काळ्या बेसॉल्टचा, त्याच जातीचा दगड तिथेही आहे. तिथली पांढरी वाळू मुख्यतः प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची असते, त्यामुळे किनाऱ्यापुढे प्रवाळाची भिंत असेल तर पुळण मिळण्याची आशा धरावी.

‘समुद्र दिसणारे घर’ म्हणजे ‘समुद्रात उतरता येणारे घर’ असे समजणे ही सर्वांत महागाची चूक होय, आणि ती आम्हीही केली आहे. घरच्या नऊ जणांसाठी दक्षिणेकडील सुयाकजवळ, ग्री-ग्रीच्या बाजूला, केवळ छायाचित्रे पाहून आम्ही घर घेतले. सकाळी मुले बादल्या-फावडी घेऊन बाहेर पडली, तर समोर काळे कडे होते आणि त्यांवर थेट आदळणाऱ्या लाटांचे तुषार अंगणापर्यंत येत होते. तिथे प्रवाळभिंतच नाही, म्हणून लाटा अडत नाहीत आणि पोहणे जिवावर बेतू शकते. रोज तासाभराचा प्रवास करून पश्चिम किनाऱ्यावरील फ्लिक-आँ-फ्लाकची पुळण गाठण्यात निम्मी सुटी गेली. सत्तरीची आई संपूर्ण प्रवासात एकदाच, तेही शेवटच्या दिवशी, पदर खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहिली.

तेव्हापासून भाडे विचारण्याआधी मी नकाशाचे उपग्रहचित्र उघडतो आणि प्रवाळभिंतीवर फुटणाऱ्या लाटांच्या फेसाची पांढरी रेघ शोधतो. ती किनाऱ्यापासून बरीच दूर असेल आणि आतले पाणी फिकट हिरवे दिसत असेल, तर ती जागा पुढे तपासण्याजोगी असते. रेघ काळ्या काठालाच चिकटलेली असेल, तर ते घर मी सोडून देतो. नदीच्या मुखाशीही सावध राहावे, कारण गोड्या पाण्यात आणि गाळात प्रवाळ वाढत नाही व भिंतीला तिथे खिंड पडते. एवढ्या तपासणीला दहा मिनिटे लागतात. अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पाहून आगाऊ रक्कम भरणाऱ्या उतावळ्या मंडळींना तीही जड वाटतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मे ते ऑक्टोबर या काळात आग्नेयेकडून जोराचे वारे वाहतात. त्या दिवसांत पूर्वेकडील बेल मारची वाळू कितीही सुंदर असली तरी लहान मुलांना घेऊन पश्चिमेला किंवा वायव्येकडील त्रू-ओ-बिशला जावे.

पाण्यात अनवाणी उतरू नये. समुद्री साळिंदराचे (सी अर्चिनचे) काटे पायात मोडतात, म्हणून रबरी बूट इथूनच न्यावेत.

हॉटेलांसमोरची वाळू खासगी समजून मागे फिरू नये, भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा सर्वांसाठी खुला असतो.

शेजारच्या रियुनियनला मात्र हाच हिशेब लावू नये. ते बेट वयाने लहान असल्याने तिथे प्रवाळभिंत थोडीच आहे. पांढरी पुळण पश्चिमेकडे एर्मिताजच्या बाजूला मिळते, तर एताँ-साले येथील वाळू काळी आहे. शार्क माशांच्या धोक्यामुळे तिथे प्रवाळभिंतीच्या आतल्या उथळ पाण्यातच उतरावे.