मसाज हवाय पण खिशाला परवडत नाही? हे करून बघा

दिवसभर मान वाकवून काम करणाऱ्यांना खांदे दगडासारखे होणं म्हणजे काय ते सांगायला नको, आणि अशा वेळी मसाज म्हणजे चैन नाही हो, त्याने आखडलेले स्नायू सैल पडतात, मन शांत होतं आणि बऱ्याच जणांना त्या रात्री झोपही छान लागते. आराम थोडे दिवसच टिकतो हे खरं, म्हणून महिन्यातून एकदा महागडं सेशन घेण्यापेक्षा घरी रोज 10 मिनिटं केलेलं मला जास्त पटतं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे टेनिस बॉल. भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरायचा, दुखऱ्या जागेवर 20-30 सेकंद हलका दाब द्यायचा आणि श्वास सोडत राहायचा, फक्त थेट मणक्यावर ठेवू नका, बाजूच्या स्नायूंवरच. तोच बॉल तळपायाखाली फिरवला की दिवसभर उभं राहणाऱ्यांना काय बरं वाटतं! घरात कोणी असेल तर आलटून पालटून एकमेकांचे खांदे चोळून द्या. बाहेर जायचंच असेल तर पूर्ण तासाऐवजी अर्धा तास फक्त मान-पाठ घ्या, किंवा मसाज शिकवणाऱ्या संस्थेत चौकशी करा, काही ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली कमी पैशात करतात.

ताप, जखम किंवा एकाच पोटरीला अचानक सूज आणि दुखणं असेल तर मात्र अजिबात चोळू नका, पोटरीची अशी सूज रक्ताच्या गुठळीमुळे असू शकते, आधी डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तरी मसाज आधी डॉक्टरांना विचारूनच घ्या.