सायलोसायबिन सत्र: आधी काय ठरवायचं, त्या दिवशी काय सोडून द्यायचं

हे टिपण दोघांसाठी आहे: औषधचाचणीत किंवा परवानगी असलेल्या मनोविकारतज्ज्ञाकडे सायलोसायबिनचं (काही मशरूममधलं, जाणिवा बदलणारं म्हणजे सायकेडेलिक औषध) सत्र घेणाऱ्यासाठी, आणि त्या दिवशी त्याला घरी आणणाऱ्या माणसासाठी. बहुतेक देशांत अशा चौकटीबाहेर हे औषध जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. घरच्या घरी करण्यासाठी हे लिहिलेलं नाही. रक्तदाब मोजणारं, फिट आली तर सांभाळणारं कुणी नसेल तर पुढच्या निम्म्या सूचना पाळताच येणार नाहीत.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. औषध चढलेलं असताना माणूस फार सूचनाग्राही होतो. समोरचा जे सुचवेल ते त्याला पटतं, आणि नुसतं पटत नाही तर साक्षात्कारासारखं वाटतं. म्हणून जे काही ठरवायचं ते आधी, शुद्धीत, कागदावर. त्या दिवशी ठरवायला काहीही शिल्लक ठेवायचं नाही.

अपेक्षा किती ठेवायची

बाझेलच्या सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन यांनी 1958 साली मशरूममधून सायलोसायबिन वेगळं केलं. मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांवरच्या 1971 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानंतर संशोधन जवळजवळ थंडावलं आणि 2006 च्या सुमारास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या प्रयोगांमुळे ते पुन्हा चर्चेत आलं. आज चाचण्यांमध्ये बहुतेक ठिकाणी शुद्ध, कृत्रिमरीत्या बनवलेल्या सायलोसायबिनची 25 मिलिग्रॅमची मात्रा कॅप्सूलमधून देतात. वाळवलेल्या मशरूममधलं प्रमाण नगागणिक बदलतं, त्यामुळे त्या दोन्हींची तुलना करू नका.

इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर 233 जणांची एक चाचणी 2022 साली प्रसिद्ध झाली. त्यात 25, 10 आणि 1 मिलिग्रॅम असे तीन गट होते. 25 मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी सुमारे 37 टक्के लोकांची लक्षणं तीन आठवड्यांनी निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटली होती. 1 मिलिग्रॅम घेतलेल्यांत हे प्रमाण 18 टक्के होतं. बारा आठवडे टिकलेला फायदा 25 मिलिग्रॅमच्या गटात 20 टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे परिणाम खरा आहे, पण निम्म्याहून जास्त लोकांना तो मिळाला नाही. त्याच चाचणीत तिन्ही गटांत काही जणांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करण्याच्या घटना नोंदल्या गेल्या. हे आकडे सत्राआधी घरातल्या माणसांनाही वाचून दाखवा. ‘एका दिवसात सगळं बदलेल’ ही आशा घेऊन गेलेला माणूस सगळ्यात जोरात कोसळतो.

तपासणीत काहीही लपवू नका

स्वतःला किंवा आईवडील, भावंडं, मुलं यांपैकी कुणाला स्किझोफ्रेनिया असेल, किंवा मॅनियाचे (अतिउत्साहाचे) झटके येणारा बायपोलर आजार असेल, तर चाचण्या तुम्हाला घेत नाहीत. नकार येईल या भीतीने लोक नेमकी हीच माहिती दडवतात. ज्याच्यात हा कल आहे त्याच्यात एक सत्र आजाराला तोंड फोडू शकतं, आणि तो आजार औषध उतरलं तरी उतरत नाही.

शरीराची बाजू सोपी आहे. सायलोसायबिनने रक्तदाब आणि नाडी काही तास वाढते, म्हणून विश्रांतीतला रक्तदाब साधारण 140/90 च्या आत हवा आणि इसीजी ठीक हवा. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना सत्र नाही.

चालू औषधांचं प्रकरण मात्र नाजूक आहे. सायलोसायबिनचं शरीरात सायलोसिन होतं आणि ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या 5-एचटी-2ए या रिसेप्टरांवर (संदेश घेणाऱ्या जागांवर) काम करतं. नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्या बऱ्याच जणांत हा परिणाम बोथट करतात, म्हणून अनेक चाचण्यांत त्या आधी हळूहळू बंद करतात आणि बंद झाल्यावर किमान दोन आठवडे थांबतात. यांपैकी फ्लुऑक्सेटीन शरीरात फार रेंगाळतं, त्याला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे गोळ्या स्वतःच्या मनाने सोडणं. डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, चिडचिड, रडू, झोपमोड हे गोळी सुटल्याचे त्रास असतात, पण माणसाला वाटतं आजारच उलटला. कधी कधी खरोखरच उलटलेला असतो. दोन्हींत फरक करायला डॉक्टर लागतो.

लिथियम (बायपोलर आजारावरचं औषध) चालू असताना सायकेडेलिक घेतल्यावर फिट आल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे हे दोन कधीही एकत्र नकोत. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही फिटचा धोका वाढवतं. खोकल्याच्या औषधापासून आयुर्वेदिक गोळीपर्यंत जे जे पोटात जातं त्याची यादी लिहून द्या.

तयारी: कागदावर काय हवं

सत्राआधी, त्या दिवशी सोबत असणाऱ्या थेरपिस्टबरोबरच मिळून सहा ते आठ तासांच्या भेटी व्हायला हव्यात. एकाच भेटीत उरकत असतील तर कारण विचारा. या भेटींत आयुष्याची गोष्ट सांगून होते, ओळख मुरते, आणि करार लिहिला जातो.

करारातला पहिला मुद्दा स्पर्शाचा. घाबरल्यावर हात धरलेला चालेल का? खांद्यावर हात? ‘आधार देऊ’ असं मोघम लिहू नका. भेटीत प्रत्यक्ष करून पाहा, मनगट कुठे आणि कसं धरायचं हे दोघांनी अनुभवा, मग लिहा. नियम एकतर्फी असतो: आधी ‘हो’ म्हटलेल्या स्पर्शाला त्या दिवशी ‘नाही’ म्हणता येतं, आणि ते लगेच पाळलं जातं. पण आधी ‘नाही’ लिहिलेल्या गोष्टीला त्या दिवशी दिलेला ‘हो’ धरायचा नाही, कितीही आर्जवाने दिलेला असला तरी. सायकेडेलिक उपचारांतल्या लैंगिक गैरवर्तनाची काही प्रकरणं उघडकीला आलेली आहेत. म्हणून खोलीत दोन माणसं असावीत आणि शक्य असेल तिथे चित्रीकरण असावं. थेरपिस्ट या नियमावर नाराज होत असेल तर सत्र तिथेच रद्द करा.

दुसरा मुद्दा बाहेर पडण्याचा. औषध उतरेपर्यंत इमारत सोडायची नाही, हे आधी मान्य करा. ‘मला आत्ता घरी जायचंय’ असं दर दहा मिनिटांनी वाटू शकतं. तेव्हा सोबती (खोलीत सोबत बसणारा थेरपिस्ट) काय म्हणेल आणि काय करेल, हेही लिहा. दार अडवून धरणं हा उपाय नाही. सोबत उठणं, व्हरांड्यात चक्कर मारणं, परत येणं हा आहे.

तिसरा मुद्दा शांत करणाऱ्या औषधाचा. ते कधी द्यायचं, कुणी ठरवायचं. चौथा, फोन: सकाळी बंद करून दुसऱ्याच्या ताब्यात. पाचवा, संध्याकाळी न्यायला कोण येणार आणि रात्री घरात कोण असणार.

मग संकल्प. ‘मला बरं व्हायचंय’ हा फार मोठा आणि फार पोकळ संकल्प आहे. ‘बाबांच्या जाण्याबद्दल मी काय बोलू शकलो नाही?’ अशा एका ओळीच्या प्रश्नाचा उपयोग होतो. तो लिहा, मोठ्याने म्हणा आणि सोडून द्या. सत्रात तो आठवण्याची धडपड करू नये.

खोली

पलंग किंवा रुंद सोफा, दोन पांघरुणं (थंडी वाजते, कापरं भरतं), डोळ्यांवरची पट्टी, हेडफोन आणि खोलीत स्पीकरही, उलटीसाठी भांडं, पाणी, रक्तदाबाचं यंत्र. संडासाची कडी बाहेरून उघडता येणारी. आरसा झाकलेला बरा. संगीत सहा ते आठ तासांचं, आधीच लावून ठेवलेलं, आणि ऐकणाऱ्याला कळणाऱ्या भाषेतले शब्द त्यात नसलेलं. शब्द आले की मन त्यांच्या मागे जातं.

त्या दिवशी

सकाळी हलका, कमी स्निग्ध नाश्ता. कॅप्सूल घेतल्यावर 20 ते 40 मिनिटांत सुरुवात होते: जांभया, मळमळ, हातपाय गार, रंग ठळक. हाच काळ सगळ्यात अवघड जातो, कारण शरीर बदलतंय आणि मन अजून अडवतंय. पट्टी लावून आडवं होणं, श्वास सोडताना तो जरा लांबवणं, एवढंच करायचं. दीड ते तीन तासांच्या दरम्यान जोर सर्वाधिक असतो, साधारण सहा तासांत उतार पडतो. पहिल्या काही तासांत रक्तदाब ठरावीक वेळाने मोजत राहतात. सुटी मिळेपर्यंत सात-आठ तास धरा. दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही.

भीती वाटेल. मरतोय असं वाटणं, वेड लागतंय असं वाटणं, वेळ थांबला आणि हे कधीच संपणार नाही असं वाटणं, या तीन भीती वारंवार भेटतात. त्यांच्यापासून पळायला गेलं की त्या वाढतात. तयारीच्या भेटींत एकच वाक्य घोटून ठेवा: जे समोर येईल त्याच्याकडे वळून बघायचं आणि विचारायचं, ‘तू इथे कशाला आलास?’

सोबत्याचं काम यात फारच थोडं असतं, आणि ते थोडंच ठेवणं हीच कसोटी. बोलायचं झालं तर लहान वाक्यं, हळू आवाजात: “तुम्ही औषध घेतलंय. संध्याकाळपर्यंत उतरेल. मी इथेच आहे.” एवढंच, लागेल तितक्या वेळा. अर्थ लावायचा नाही, ‘काय दिसतंय?’ विचारायचं नाही, रडू थांबवायचं नाही. रडणाऱ्याला डोळे पुसायला रुमाल पुढे करणंसुद्धा ‘आता पुरे’ असं ऐकू येऊ शकतं. रुमाल हाताला लागेल तिथे ठेवून द्या. भीती अडकून राहिली तर एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी कूस, मग संगीत, मग पट्टी काढून उठून बसणं. सगळं एकदम बदललं की गोंधळ वाढतो.

यानेही निभावलं नाही आणि माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल असं वाटलं, तर डॉक्टर डायझेपाम देतात, बहुधा 10 मिलिग्रॅम तोंडाने. त्याला काम करायला थोडा वेळ लागतो आणि त्याने अनुभव पुसला जात नाही, धार कमी होते. अँटिसायकोटिक (भ्रम-भासांवरची) औषधं अगदी शेवटी. छातीत दुखणं, फिट येणं, बेशुद्धी, ताप येऊन अंग ताठणं ही मानसिक लक्षणं समजून वाट पाहायची नाही; लगेच आपत्कालीन उपचार.

नंतरचे आठवडे

त्याच संध्याकाळी, झोपण्याआधी, जे आठवतं ते बोलून ध्वनिमुद्रित करा. क्रम लागला नाही तरी चालेल. सकाळपर्यंत बरंच विरतं. दुसऱ्या दिवशी डोकं दुखणं नेहमीचं आहे. त्याच दिवशी थेरपिस्टची सत्रानंतरची पहिली भेट, मग आठवड्याभरात दुसरी. उंदरांच्या मेंदूत एका मात्रेनंतर पेशींमधल्या जोडण्या वाढलेल्या दिसल्या आहेत. माणसात हे तसंच घडतं असं त्यावरून म्हणता येत नाही, पण पहिल्या काही आठवड्यांत सवयी बदलणं सोपं जातं असा अनेकांचा अनुभव आहे. तेव्हा एकच छोटी, मोजता येणारी गोष्ट धरा: रोज सकाळी वीस मिनिटं चालणं, किंवा अबोला धरलेल्या बहिणीला आठवड्यातून एक फोन.

सायकेडेलिक अनुभवाला एक विलक्षण खात्री चिकटलेली असते. जे दिसलं ते खरंच होतं, त्यात शंकेला जागाच नाही, असं वाटतं. पण खात्री हा पुरावा नव्हे. विशेषतः लहानपणी कुणी तरी छळ केल्याची, आधी कधीच न आठवलेली दृश्यं समोर आली, तर ती थेरपीत घ्या आणि सावकाश उलगडा. त्यांच्या भरवशावर घरात कुणावर आरोप करायला जाऊ नका. आधीपासून आठवत असलेलं दुःख ही वेगळी गोष्ट, ते सत्रात आलं म्हणून खोटं ठरत नाही. किमान महिनाभर नोकरी सोडणं, लग्न किंवा घटस्फोट, मोठे पैशाचे व्यवहार नकोत. चालू असलेलं कोणतंही औषध परस्पर बंद नको.

काहीच घडलं नाही असंही होतं, आणि आशा लावून बसलेल्या माणसाला ते असह्य वाटू शकतं. पहिल्या दोन आठवड्यांत ‘आता शेवटचा उपायही गेला’ हे वाक्य ऐकू आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. डोळ्यांपुढे बर्फासारखे ठिपके किंवा हलत्या वस्तूमागे रेघ दिसणं काही आठवडे टिकलं तर तेही सांगा.

घरच्यांनी ‘काय काय दिसलं?’ हे विचारू नये. सांगावंसं वाटेल तेव्हा माणूस सांगतो. जेवण झालं का, रात्री किती वाजता झोपलास, एवढं विचारा आणि झोपेचे तास खरोखर लिहून ठेवा. सलग दोन रात्री तीन-चार तासच झोप, तरी थकवा नाही, बोलणं भरभर आणि डोक्यात मोठमोठ्या योजना, असं दिसलं तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच सकाळी डॉक्टरांना फोन करा.