फोन लागणार नाही, असं धरून चला

११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यानंतर बराच वेळ मोबाइल लागत नव्हते. ठाणे-वाशी रोज करणाऱ्या घरांनी अशा दिवसाची तयारी करताना हीच गोष्ट आधी गृहीत धरावी. जे ठरवायचं ते आज, आणि कागदावर.

प्रत्येकासाठी एक चिठ्ठी करा: नाव, रक्तगट, चालू गोळ्या, घरच्यांचे नंबर. खाली ११२ (पोलीस, अग्निशमन), १०८ (रुग्णवाहिका), १३९ (रेल्वे). बॉलपेनने लिहा आणि दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा, नाहीतर जुलैत पाकिटातच लगदा होतो. मुलांच्या दप्तरात, आजीच्या गोळ्यांच्या डब्यातही एकेक ठेवा. घरच्यांचे नंबर पाठ आहेत का, हे आज जेवताना विचारून बघा. बहुतेक घरांत एकमेकांकडे बघत बसतात.

बाहेरगावचा एक माणूस नेमा, समजा साताऱ्याची मावशी. सगळ्यांनी तिलाच एसएमएस करायचा: ‘ठीक आहे. ऐरोली. चालत निघालो.’ कॉलला लाइन धरून ठेवावी लागते. एसएमएसला क्षणभर रेंज मिळाली तरी पुरते. सगळे सगळ्यांना फोन करत सुटले की बॅटरीही जाते आणि निरोपही पोचत नाही.

भेटायच्या जागा दोन. पहिली सोसायटीचं गेट. दुसरी, घराकडे जाताच येत नसेल तर, नौपाड्यातल्या काकांचं घर. ‘तलावपाळीला भेटू’ हा पत्ता नव्हे. तलावाला चार बाजू आहेत, ‘गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर’ असं सांगा. स्टेशन कधीच ठरवू नका, पोलीस आधी तेच रिकामं करतात. लोकल बंद पडली तर ऐरोलीहून ठाण्याला विटावा-कळव्यावरून यायचं की पुलावरून मुलुंडला उतरायचं, हेही ठरलेलं हवं. शाळेतून मुलाला कोण आणणार? त्या माणसाचं नाव शाळेत आधी लेखी द्या, नाहीतर शेजारच्या काकूंना दारातूनच परत पाठवतील.

घरात पाणी माणशी रोज चार लिटर धरा. चौघांना तीन दिवसांचे ४८ लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन जार भरून ठेवले की झालं. आठवड्याच्या गोळ्या, टॉर्च, सुटे पैसे. नेट नसेल तर यूपीआयवर विसंबता येत नाही.

आता रक्तस्राव. रुग्णवाहिका गर्दीतून येईपर्यंत जवळचा माणूसच हे काम करतो, म्हणून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ते यायला हवं. स्वच्छ रुमाल किंवा ओढणीची घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबा. कापड भिजलं तर काढू नका, वर दुसरं ठेवा. ‘थांबलं का बघू’ म्हणून दर मिनिटाला उचलून पाहणं ही नेहमीची चूक. धरलेली गुठळी सुटते. हातापायातून उसळून रक्त येत असेल आणि दाबून थांबत नसेल, तर जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून, दोन इंच रुंद पट्टी बांधा, गाठीत लाटण्यासारखी काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा आणि काठी बांधून टाका. दुखेल, जबरदस्त दुखेल, तरी सैल करू नका. बांधल्याची वेळ तिथेच पेनाने लिहा. सुतळी किंवा चपलेचा पट्टा नको, बारीक दोरीने मांस कापतं. आत रुतलेली काच उपसू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा.

बेवारस बॅग दिसली तर हात लावायचा नाही, हलवायची नाही. लांब जा, मग १३९ किंवा ११२. स्फोट झाला असेल तर बघायला गर्दीत शिरू नका. दुसराही होऊ शकतो. गोळीबार ऐकू आला तर आधी पळा. ते जमत नसेल तर दार लावून, दिवे घालवून काचेपासून दूर बसा. आडोशाला सिमेंटचा खांब घ्या, प्लायवूडचं कपाट गोळी अडवत नाही. फोन सायलेंट करा आणि व्हायब्रेशनही बंद. पोलिसांच्या हालचालींचे व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका, ते आतल्या हल्लेखोरांपर्यंतही पोचतात. पोलीस आले की दोन्ही हात रिकामे आणि वर.

दर महिन्याच्या एक तारखेला पॉवरबँक चार्ज करा, पाणी बदला आणि साठ्यातल्या आधी आणलेल्या गोळ्या आधी वापरा.