‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’: आधी काय पाहावे, काय सोडावे

२०१४ चा ‘एक्स-मेन: डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ एकदम लावला, तर वरवरची गोष्ट कळते. २०२३ मध्ये सेंटिनेल नावाचे यंत्रमानव म्युटंटांचा, म्हणजे जन्मतःच अलौकिक शक्ती असलेल्या माणसांचा, नायनाट करत आहेत आणि ते टाळायला लोगनला (वुल्व्हरिन) १९७३ मध्ये धाडले जाते. पण कोणाचे कोणाशी काय नाते, हे चित्रपट पुन्हा सांगत बसत नाही.

१. आधी चार चित्रपट पाहा, प्रदर्शनाच्याच क्रमाने: ‘एक्स-मेन’ (२०००), ‘एक्स२’ (२००३), ‘द लास्ट स्टँड’ (२००६), ‘फर्स्ट क्लास’ (२०११). मिळून साधारण ८ तास होतात. ‘फर्स्ट क्लास’ १९६२ मध्ये घडतो म्हणून तो आधी लावू नका. चार्ल्स (प्रोफेसर झेवियर) आणि एरिक (मॅग्नेटो) यांचे म्हातारपणीचे वैर पाहिलेले असले, तरच त्यांची तरुणपणीची मैत्री चटका लावते. ‘एक्स२’ मधला स्ट्रायकर हा म्युटंटद्वेष्टा लष्करी अधिकारी नीट लक्षात ठेवा. ‘द लास्ट स्टँड’ या चौघांत सर्वांत कच्चा, तरी तो हवाच. त्यात कोण कोण मरते हे ठाऊक नसेल, तर ‘डेज’चा शेवट कोरडा जातो.

२. ‘द वुल्व्हरिन’ (२०१३) मधला श्रेयनामावलीदरम्यानचा विमानतळावरचा प्रसंग तेवढा पाहा. ‘ओरिजिन्स’ (२००९) खुशाल वगळा.

३. आता मुख्य चित्रपट. इथे बहुतेकांची एकच चूक होते: १९७३ चा भाग ते फ्लॅशबॅक समजतात. लोगनचे शरीर २०२३ मध्येच पडून असते; त्याची जाणीव फक्त तरुण शरीरात जाते, म्हणून तिथे त्याची मुठीतून बाहेर येणारी नखे धातूची नसून हाडाची आहेत. त्याला मागे पाठवणारी म्युटंट किटी एरवी माणसाला काही आठवडेच मागे पाठवू शकते. ५० वर्षांचा ताण सोसायला जखम आपोआप भरून येणारा लोगनच लागतो. दोन्ही काळ एकाच वेळी चालू असतात. पॅरिसमध्ये स्ट्रायकर दिसताच लोगनचे भान सुटते आणि तिकडे २०२३ मध्ये किटी त्याच्याच नखांनी जखमी होते. तो जागा होईपर्यंत जुने भविष्य पुसले जात नाही, म्हणूनच शेवटच्या दोन लढाया आलटून पालटून दाखवल्या आहेत.

प्रोफेसर झेवियर जिवंत कसा, यात अडकू नका. ‘द लास्ट स्टँड’च्या श्रेयनामावलीनंतर त्याची सूचना आहे; ‘डेज’ त्यापुढे काही सांगत नाही.

४. २०१५ ची ‘रोग कट’ ही सुमारे १७ मिनिटांनी लांब आवृत्ती दुसऱ्या वेळेसाठी ठेवा. तिच्यात किटीची जागा रोग नावाची म्युटंट घेते, पण भविष्यातला भाग लांबल्याने वेग मंदावतो.

५. श्रेयनामावली संपेपर्यंत उठू नका. शेवटी पिरॅमिड उभारणारा जो दिसतो, तोच ‘अपोकॅलिप्स’ (२०१६) चा खलनायक.